नव्वदावा गुण

ठक्. खिळ्यावर पहिला घाव बसला आणि दुपारपासून घरात दबा धरून बसलेली शांतता दचकली.

"सरळ आहे का बघ," नवरा स्टुलावरून म्हणाला. दातांत दुसरा खिळा धरल्यामुळे त्याचे शब्द गाळून गाळून येत होते.

"आतल्या खोलीत लावा ना त्यापेक्षा," ती म्हणाली.

"आतल्या खोलीत कोण बघणार? गाद्या?"

जमिनीवर पाय पसरून भाजी निवडत बसलेल्या सासूबाई खुदकन हसल्या. "दोनदा नापास झालीस तेव्हा शेजारीण काही विचारेल म्हणून मी गॅलरीत कपडे वाळत घालायचं सोडलं होतं. आता दारासमोरच लाव रे. बेल वाजवून आत आलेल्याला आधी तेच दिसलं पाहिजे."

काच बसवून आणलेलं प्रमाणपत्र तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. वर शासनाचा शिक्का, मधोमध तिचं नाव, आणि खाली कोपऱ्यात दोन बारीक ओळी. पात्रतेसाठी किमान गुण, नव्वद. मिळालेले गुण, नव्वद. त्या ओळींवर तिचा अंगठा केव्हा जाऊन बसला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

सोळा वर्षं ती तिसरी-चौथीला शिकवत होती. जूनमध्ये अक्षराला अक्षर न जोडता येणारी पोरं तिच्या हाताखालून वर्षअखेरीला बाहेर पडत, ती रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचून आईबापांचं डोकं उठवत. मग एक परिपत्रक आलं. पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र नसलेल्या शिक्षकांना सेवेतून कमी करावं, संधी तीन. मुख्याध्यापिकेने ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं, तेव्हा त्या सगळ्यांकडे पाहत होत्या, फक्त तिच्याकडे नाही. तेवढ्यावरून तिला काय ते समजलं. घरी मूल लहान, शाळेत पन्नास वह्या तपासायच्या, आणि अभ्यासाला वेळ काय तो कपडे धुऊन होईपर्यंतचा. पहिली संधी अशी गेली, दुसरी धास्तीने गेली.

तिसऱ्या खेपेला तिने उत्तरपत्रिकेवरची वर्तुळं मोजली. खात्रीची एकोणनव्वद. बाकीची नुसत्या अंदाजाने काळी केलेली. एक प्रश्न मात्र तिने कोरा ठेवला होता, कारण त्याचं उत्तर तिला यायलाच हवं होतं. मुलाच्या बौद्धिक वाढीचा कुठला टप्पा कुठल्या वयात येतो, एवढंच विचारलं होतं. शेकडो मुलं तिच्या डोळ्यांदेखत वाढली होती, पण टप्प्यांची नावं ऐन वेळी डोक्यातून पुसली गेली. पुढच्या तिरक्या बाकावर एक तरुण मुलगी बसली होती. प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर हिरवी पट्टी, म्हणजे प्रश्नांचा संच तोच. त्या मुलीचं कोपर जरासं सरकलं. त्या प्रश्नासमोर तिसरं वर्तुळ काळं होतं.

तिने पेन टेकवलं. वर्तुळ भरायला किती वेळ लागतो? श्वास घेऊन सोडावा, तेवढाच.

मान वर केली तर पर्यवेक्षिका खिडकीपाशी उभी होती, बाहेर बघत. पण तिची वेणी अजून हलत होती, आत्ताच तोंड फिरवल्यासारखी.

पेपर संपल्यावर ती पर्यवेक्षिकाच फाटकापर्यंत मागे धावत आली.

"बाई! ओळखलंत का? खिडकीजवळचा बाक, दोन वेण्या. तुम्ही माझा पेपर फाडला होतात."

बाईंना आठवलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी वर्गासमोर उभं केलं होतं आणि पेपराचे चार तुकडे करून तिच्याच हातात दिले होते.

"फार लागलं असेल गं तुला."

"आठ दिवस रडत होते. पण बरंच केलंत, बाई. त्यानंतर मी कधी शेजारी पाहिलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी हेच सांगते, तुमचं नाव घेऊन."

तिने त्या चेहऱ्यात टोमणा शोधला. निदान एखादी बारीकशी सुरकुती. काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं तिला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं. निकाल लागला त्या दिवशी तर फारच.

"बसला खिळा," नवरा म्हणाला. "भिंतीला भोक पडलंय, आता माघार नाही. आण इकडे."

तेवढ्यात दार ढकलून लेक आत आली. पेन्सिली कुरतडायची म्हणून घरात तिचं नाव खार पडलं होतं. आल्या आल्या तिने दप्तर फेकलं नाही, की खाऊ मागितला नाही. गणिताचा पेपर आईपुढे धरला आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली.

दहापैकी नऊ. शेवटच्या गणिताच्या जागी कागद इतका खोडलेला होता, की पलीकडचा उजेड दिसत होता.

"हे काय गं झालं?"

"शेजारच्या बाकावरच्या मुलीचं दिसलं," खार म्हणाली. "मुद्दाम नाही, चुकून. मी लिहिलं पण. मग खोडलं. मग पहिला नंबर तिचा आला."

"ऐकलंस?" सासूबाईंनी मुलाला हाक मारून सांगितलं. "आईवर गेलीय हो पोरगी! शिक्षिकेचं लेकरू शोभतं."

नवऱ्याने स्टुलावरूनच हात लांब केला. तो हात रिकामाच राहिला.

खारीने वर पाहिलं. आधी भिंतीतल्या खिळ्याकडे, मग आईच्या हातातल्या काचेकडे. काचेवर अंगठ्याचा मोठा घामट ठसा उमटला होता. तिने तो फ्रॉकच्या टोकाने पुसला आणि खालच्या दोन बारीक ओळी बोटाने, एकेक अक्षर जोडत वाचल्या. मग आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. खारीचे डोळे भरून आले होते, पण रडायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तू असतीस तर तूसुद्धा खोडलं असतंस ना?"