विषय क्रमांक अकरा

माणिकबाईची मुलगी रागिणी लग्न होऊन अमरावतीला गेली ते २०१६ साल. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर खुशालराव ओसरीत येऊन बसले. ते स्वतः जुने नगरसेवक, गावच्या राजकारणात त्यांचा शब्द चालायचा.

"वैनी, तुमचा वॉर्ड बायायसाठी सुटला. नगरपालिकेचा फारम तुमच्या नावानं भरू."

माणिकबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"मले तं सही बी येत नाई, खुशालभाऊ. अंगठा चालते का?"

"चालते न! बाकीचं आमचे सहदेवराव पाहतीन."

सहदेव तिचा नवरा. चौथी शिकलेला. त्याची छाती फुगली.

माणिकबाईने तीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकली होती. प्रचारात तिने एकच गोष्ट सांगितली. "बाजारात बसनाऱ्या बायायले एक मुतारी पाह्यजे, आतून कडी लागनारी. दुसरं मी काईच सांगत नाई." बाजारामागे पालिकेची मोकळी जागा होती. तिथे बेशरमाची झुडपं माजली होती, आणि बायांना तेवढाच आडोसा. नाहीतर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसायचं.

ती एक्केचाळीस मतांनी निवडून आली. गाव मात्र सहदेवला 'नगरसेवक साहेब' म्हणू लागलं. तिच्या नावाचा शिक्का त्याच्या खिशात असायचा. सभेच्या दिवशी ती आत बसे, आणि तो बाकीच्या नगरसेविकांच्या नवऱ्यांबरोबर वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर.

सभेआधी विषयपत्रिका घरी यायची. सहदेव बोट ठेवून मोठ्याने वाची. पहिली ओळ त्याला जमायची. खाली सरकारी भाषा लागली की तो पुटपुटायचा आणि पान उलटायचा. आपल्याला हे झेपत नाही, असं बायकोला सांगायची लाज वाटे.

"विषय क्रमांक अकरा. आठवडी बाजारालगतची जागा विकसित करणेबाबत." खाली पाच ओळी होत्या. त्याने विषयपत्रिका मिटली.

"म्हंजे काय वो?"

"बाजाराचा विकास हाय. हात वर कर."

"माही मुतारी असन त्यात," ती हरखून म्हणाली. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पंधरा दिवसांनी सत्यभामा दारात उभी राहिली. तीही बाजारात माणिकबाईच्या शेजारीच बसायची. डोक्यावरची कांद्याची टोपली तिने उतरवलीसुद्धा नाही.

"माणिक, झुडपं तोडून राह्यले व! चुन्याच्या रेघा मारल्या. बत्तीस दुकानं होते म्हंतात तठी. अन् तुहा हात वर होता म्हंतात."

"कोन म्हंते?"

"सारा बाजार म्हंते. आता आमी कुठं जावं, सांग."

सत्यभामा गेली. सहदेवने घरातून तो कागद काढला आणि पाचही ओळी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. अडखळत, घाम पुसत. दुकानंच होती. मुतारीचं नावसुद्धा नव्हतं.

"तुमाले वाचता नवतं आलं का?" माणिकबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"चष्मा नवता तवा."

चष्मा तेव्हाही नाकावरच होता. दोघांनाही ते आठवत होतं. ती उठली आणि चुलीकडे गेली.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. अर्ध्या मिनिटात उरकायचा. सहदेव बाकड्यावर बसला होता. दार उघडं होतं. आतून माणिकबाईचा आवाज आला.

"अकरा नंबरले म्या हात वर केला होता. तो माघारी घेते."

आत हशा पिकला. "वैनी, बसा खाली," खुशालराव म्हणाले, "हात का उसना आनला होता, माघारी द्याले?"

"आनला तुमीच होता, खुशालभाऊ. पन हात माहा हाय."

बाकड्यावरच्या एकाने सहदेवला कोपर मारलं.

नगराध्यक्षांनी विचारलं, "बाई, विषय तुम्ही वाचला नव्हता का? कोणी वाचून दाखवला तुम्हाला?"

सहदेव बाकड्यावरून अर्धा उठला. आता आपलं नाव येणार, आणि उद्या गावभर होणार. बाकड्यावरचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"कोनीच नाई," माणिकबाई म्हणाली. "मले वाचता येत नाई, साहेब. म्या कोनाले विचारलं बी नाई. चूक माही एकटीची हाय, अन् तिची शिक्षा त्या बायायले नोका देऊ. तुमच्या घरच्या बाया बाजार करून घंट्याभरात घरी जातात. आमी सकायपासून बसतो. गरोदर पोरी बसतात."

आता कोणी हसलं नाही. विरोधी बाजूच्या प्रियदर्शनी मॅडम उभ्या राहिल्या. "माझाही विरोध नोंदवा." मग आणखी एक बाई उठली, मग आणखी एक. सात बायांची नावं त्या दिवशी कागदावर आली. दुकानं काही रद्द झाली नाहीत. पण कोपऱ्यातल्या दोन दुकानांची जागा मुतारीसाठी सुटली.

सभा संपल्यावर दोघं घरी निघाली. सहदेव नाल्याच्या पुलावर थांबून म्हणाला, "काहून खोटं बोलली तू?"

"खोटं काय त्यात? मले नाईच येत वाचता." चार पावलं चालून ती म्हणाली, "तुमाले बी नाई येत. दोघंई शिकू."

प्रियदर्शनी मॅडमनी बाराखडीचं पुस्तक दिलं. दुपारी ओसरीत दोघं समोरासमोर बसायची. तिचं 'क्ष' त्याच्यापेक्षा सुबक यायचं आणि तो कुरकुरायचा. शिक्का तिने मागितला नाही. एक दिवस त्यानेच तो तिच्या पिशवीत टाकला. चौथ्या वर्षी विषयपत्रिका ती वाचायची आणि तो ऐकायचा.

२०२० च्या फेब्रुवारीत मुतारी उघडली. बायांच्या घोळक्यात उभी राहून माणिकबाईने उद्घाटनाच्या दगडावरची सगळी नावं वरपासून वाचली.

"खाली काय लिवलं?" सत्यभामाने विचारलं.

"खाली मी हावो."

मुदत संपली, पुढे निवडणूकच लागली नाही. लोक मात्र नळाच्या, रेशनच्या तक्रारी घेऊन तिच्याकडेच यायचे. ती अर्ज लिहून द्यायची.

मग ती आजारी पडली. अकोल्याच्या दवाखान्यात अठरा दिवस होती.

बाजारचौकात निधनवार्तेचा काळा फळा आहे. त्यावर नत्थुजी लिहितात. त्या दिवशी सहदेवने त्यांच्या हातातून खडू घेतला आणि एकेक अक्षर सावकाश काढत नगरसेविका असं लिहिलं.

"सहदेवराव, आधी 'माजी' लिवा लागते," नत्थुजी हळूच म्हणाले.

सहदेवने ऐकलं. पण तो पुढेच लिहीत गेला.

नगरसेविका माणिकबाई सहदेव निमकर्डे, वय ६३, यांचे गुरुवार दिनांक १४ मार्च २०२४ रोजी सकाळी निधन झाले.