गोमूत्र आणि शुद्ध खोली

वडगावातल्या मारुतीरावांच्या घरात त्या सकाळी सगळं जागच्या जागी होतं. मागावर रेशमी साडी, फळीवर देव आणि न्हाणीशेजारी गोणपाटावर मुलगी. सुवर्णाचा तिसरा दिवस होता. आज्जी मालुबाईंनी चहाचा कप काठीनं पुढं सरकवला. काठी मांजर हाकलायची. तिला विटाळ होत नसावा.

अकराला सुवर्णाची परीक्षा होती. लॅपटॉपवरच्या आभासी प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या चकतीवर चिप घडवायची. पास झाली तर बेंगळूरच्या कारखान्यात प्रशिक्षण. पण खंडेनवमीला मागाबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली होती. तेव्हापासून तोही सोवळ्यात. पाळीचे चार दिवस शिवायचा नाही.

तिनं तो हळूच उचलून आणला.

पडद्यावरच्या शुद्ध खोलीनं दारातच अडवलं. झगा घातलास? हातमोजे? तोंडाला पावडर नाही ना? धुळीचा एक कण पडला तरी चकती बाद. इतक्या सोवळ्या खोलीनंही कितवा दिवस ते विचारलं नाही.

चकती भट्टीत सरकली, तोच मालुबाई ओरडल्या, "आगं बया! मारुती, पोरगी पुजेच्या वस्तूला शिवली बघ!"

मारुतीराव स्वभावानं गरीब. रागावले नाहीत. बाटली आणली आणि लॅपटॉपवर गोमूत्र शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच. पडदा थरथरून काळा झाला.

"झालं शुद्ध," ते समाधानानं म्हणाले. "परवा लाव आता."

"आप्पा, परीक्षा आत्ता हाय!"

"मग सरांना सांग की, अडचण हाय म्हणून."

सुवर्णा उठली. सरळ आत गेली आणि मागावरच्या साडीवर दोन्ही तळवे टेकले.

"शिंपडा की आप्पा. हिलाबी विटाळ झाला."

मारुतीरावांनी बाटली उचलली. रेशमाकडं बघितलं. बोरगावच्या नवरीची साडी. डाग पडला तर घेणार कोण? हात तसाच राहिला.

"साडीला... एवढं लागत न्हाय," ते पुटपुटले.

"आन् मलाच तेवढं लागतंय व्हय?"

आज्जी पदर सारखा करू लागल्या.

परीक्षा संपायला चाळीस मिनिटं होती. कॉलेजच्या संगणकावरून पुन्हा आत शिरता येत होतं. सुवर्णानं खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि पुढच्या दारानं निघाली. मारुतीरावांनी बाटलीला बूच लावलं.

साडी बोरगावच्या मांडवात मिरवली. भटजींसकट कुणालाच काही झालं नाही. सुवर्णाच्या चकतीवरही एक कण सापडला नाही; ती पास झाली.

पुढच्या महिन्यात मालुबाईंनी सवयीनं न्हाणीशेजारी गोणपाट अंथरलं. त्यावर मांजर झोपलं.