सोनाळ्याचा वारा

जळगाव जामोदजवळच्या धावपट्टीवर वारा दाखवणारी कापडी नळी मंगळवारी फाटली. नवी येईपर्यंत वारा सांगायचं काम कडूबांकडे आलं. कडूबा एसटीतून निवृत्त झालेले. जळगावच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आता ते धावपट्टीचे रखवालदार होते आणि हातात माइकऐवजी वॉकीटॉकी होता.

गुरुवारी दुपारी दोन आसनांचं विमान उतरायला आलं. चालवत होती जानेफळची धम्मशीला. शेजारी तिचे शिक्षक, पुण्याचे जीवन सर. तिचं एकटीनं उडणं दोनदा पुढं ढकललं गेलं होतं, दोन्ही वेळा आडव्या वाऱ्यातल्या उतरण्यामुळं. आज नीट उतरली तर उद्या एकटी. नाहीतर आणखी महिनाभर सरांसोबत.

"काका, वारा?" तिनं विचारलं.

"सोनाळ्याचा, ताई. झटके मारून राह्यला."

विमानाचं नाक सातपुड्याकडं होतं. सोनाळा गाव उजवीकडं. म्हणजे वारा उजवीकडून. तिनं उजवा पंख खाली घेतला, डाव्या पायानं पेडल दाबलं. वाऱ्याच्या बाजूला झुकायचं आणि नाक पट्टीच्या रेषेत ठेवायचं, एवढंच गणित.

विमान उजवीकडंच सरकू लागलं. पट्टीची पांढरी रेघ डावीकडं गेली, चाकांखाली हरभऱ्याचं शेत आलं. सरांचा हात मांडीवरून उचलला गेला होता.

धम्मशीलानं पंख सरळ केले, इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान पुन्हा वर घेतलं.

"काका, धूळ कुठं जाऊन राह्यली?"

"सांगतलं ना, सोनाळ्याले!"

"मग सोनाळ्याचा काऊन म्हणता?"

"आता घ्या! सोनाळ्याची गाडी कुठं जाते वं, ताई?"

धम्मशीलाला हसू फुटलं. स्टँडवर गाडी जिथं जाते तिथली. विमानाच्या पुस्तकात वारा जिथून येतो तिथला.

"हा माणूस मराठीच बोलतोय ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. वारा डावीकडून आहे."

या वेळी तिनं डावा पंख खाली घेतला, उजव्या पायानं पेडल दाबलं. झटका आला तसा पंख आणखी झुकवला, ओसरला तसा सोडला. डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, शेवटी पुढचं. पांढरी रेघ चाकांच्या मधोमध होती.

इंजिन बंद झाल्यावर सर म्हणाले, "पहिल्या वेळी चुकीच्या बाजूला झुकलीस."

"हो सर."

"पण हट्टानं उतरली नाहीस. आणि काय चुकलं ते वरूनच विचारलंस. उद्या सात वाजता ये."

शुक्रवारी सातला सर खाली उतरले आणि आपल्या रिकाम्या आसनाचा पट्टा घट्ट बांधून, दार लावून कडूबांशेजारी जाऊन उभे राहिले. धम्मशीलानं विमान पट्टीच्या टोकाला नेलं. बाजूच्या रिकाम्या आसनाकडं तिनं एकदा पाहिलं. मग रेडिओचं बटण दाबलं.

"काका, वारा?"

कडूबांनी चिमूटभर माती उचलून सोडली. ती सरळ त्यांच्या चपलेवर पडली. जुन्या सवयीनं त्यांनी घसा खाकरला.

"एकबी गाडी लागली नाही, ताई. स्टँड रिकामं हाये. निंघ तू."