सहा नंबरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला?

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या ऑपरेटर ताईंना साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. सहा नंबरचा व्हॉल्व्ह बंद राहिला, टेकडीवरच्या वस्तीत दोन दिवस पाण्याचा टिपूस नाही, आणि कमांड गेली होती ती ताईंच्या नावाने.

"चूक कबूल करून सही करा, प्रकरण इथेच मिटेल," इंजिनिअर साहेबांनी कागद पुढे सरकवला.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच वस्तीत त्यांची नणंद राहायची. तिची लेक आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली. "वहिनी, दुपटी धुवायला पाणी नाही आणि तू म्हणे तिथे झोपा काढत होतीस!" असं तिने कालच फोनवर सुनावलं होतं.

"सहीचं नंतर बघू. आधी मला यादी दाखवा. कोणती कमांड, किती वाजता, कुठून दिली, सगळं मशीन लिहून ठेवतं."

"त्यातलं तुम्हाला काय कळणार?"

"मला नाही, तर हिला कळेल." ताईंनी कॉम्प्युटर विभागातल्या मुलीला अक्षरशः हाताला धरून आणलं.

मुलीने जुन्या कमांडची यादी उघडली. चार वाजून सतरा, व्हॉल्व्ह सहा, बंद. पुढे नाव ताईंचं.

साहेब खुर्चीत रेलले. "झालं समाधान?"

"मशीन कोणतं गं?"

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "तीन नंबर."

तीन नंबरचं मशीन साहेबांच्या केबिनमध्ये होतं. 'माझं लॉगिन अडकलंय' असं सांगून गेल्या महिन्यात साहेबांनी ताईंचा पासवर्ड मागितला होता, आणि ताईंनी भाबडेपणाने दिला होता.

"पुढे वाच."

"चार अठरा, व्हॉल्व्ह पाच, बंद." त्या दिवशी दुरुस्तीसाठी पाचच बंद करायचा होता. "चार एकवीस, सहाची स्थिती विचारली. उत्तर आलं, बंद. चार बावीस, लॉगआऊट."

चुकून बंद केलेला सहा परत उघडायचा तर लेखी कारण द्यावं लागलं असतं. ते टाळायला हा माणूस सगळं बघून घरी गेला! पॅनलवरचा सहाचा दिवा वर्षभर बिघडलेला, त्यामुळे बाकीच्यांना पत्ता नाही. आणि गळती शोधत दुरुस्तीची पोरं दोन दिवस भर उन्हात रस्ते खणत होती.

"तुम्हाला कळलं होतं," ताई कडाडल्या. "चार एकवीसलाच कळलं होतं!"

"हळू बोला. तो कागद मी फाडतो, मग तर झालं?"

"फाडा नाहीतर गिळा! गेटवर लोकांनी मला कामचोर म्हटलंय. आता तिथेच जाऊन सांगा."

साहेब जागचे हलले नाहीत. ताईंनी यादीच्या दोन प्रती काढून घेतल्या. एक गेटवर स्वतःच्या हाताने चिकटवली, दुसरी थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटली.

पंधरा दिवसांनी इंजिनिअरची बदली झाली. ताईंना ऑफिसकडून 'आपला दोष आढळला नाही' असं दोन ओळींचं पत्र आलं. त्यात दिलगिरीचा शब्दही नव्हता. नणंदेचा फोन तीनदा वाजला, ताईंनी उचलला नाही. चौथ्यांदा उचलला आणि आधी मनसोक्त भांडून घेतलं, मग विचारलं, "बाळ कसं आहे?"