फौजदारणीची जखम

आमच्या भावोजींना मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते. माणूस बोलत नाही म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय, हा माझा सरळ हिशेब. रात्री कारखान्याच्या फाटकावर राखणदारी, दिवसा माझ्या घरात झोप. आई गेल्यावर मी शिलाई करून धाकट्या बहिणीला वाढवलं, लग्न लावून दिलं, आणि वर्षभरात ती नवऱ्यासकट मागच्या खोलीत परत आली. ती आली ते बरंच झालं. नवरा सोबत आला, एवढंच काय ते वाईट.

त्यांची खिडकी मागच्या परसात उघडते. तिथे माझ्या कोंबड्या आणि एक हंसीण. तिला आम्ही फौजदारीण म्हणतो, कारण कुणी फाटकाला हात लावला की ती मान लांबवून असा गहजब करते की पोस्टमनसुद्धा पत्र भिंतीवरून टाकतो. भावोजी आले त्याच आठवड्यात म्हणाले होते, "हिची एकदा मान मुरगळली पाहिजे." धाकटी हसली. मी नाही हसले. मी ते मनात धरून ठेवलं.

आणि एका सकाळी बघते तर फौजदारणीच्या शेपटीच्या वर जखम. "पत्र्याला घासलं असेल," धाकटी म्हणाली. असेल बाई! पत्रा इतकी वर्षं तिथेच आहे, त्याला आत्ताच बरं सुचलं.

मी तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली, पंख काखेत दाबले. भोवतीची पिसं कातरली, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, टिपली आणि वर लाल औषध लावलं. लहानपणी धाकटीच्या गुडघ्यांना लावायचे, तेच. मग दिली सोडून कोंबड्यांत.

दुसऱ्या दिवशी जखम मोठी. पुन्हा धुतली, पुन्हा औषध. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी मोठी, कडा ताज्या रक्ताच्या.

"दिवसा घरात कोण असतं?" मी धाकटीला विचारलं. "तू दुकानात कामाला, मी पुढे मशीनवर. मागे कोण?"

"ताई, काहीतरीच काय! उलट हे म्हणतात, तिला कोंबड्यांपासून वेगळी ठेवा."

"वाटच बघतोय! एकटीला गाठायला बरं."

भावोजींशी मी थेट बोलतच नव्हते, निरोप धाकटीमार्फत. त्यात आणखी एक गोष्ट मला खटकत होती. सकाळी भावोजी कामावरून आले, फाटक वाजलं, की फौजदारीण आता गप्प राहायची. जगावर ओरडणारी बाई, आणि यांना बघून चिडीचूप! मारणाऱ्यापुढेच तोंड असं बंद होतं, मी मनाशी म्हटलं.

त्या दुपारी मी चपला हातात घेऊन मागच्या दारी गेले. भावोजी परसात ओणवे, हातात काठी, आणि फौजदारीण त्यांच्या पायाशी अंग चोरून बसलेली.

"सापडलात ना रंगेहाथ!"

"ताई, मी..."

"तोंड उघडू नका! खाल्ल्या घरचे वासे मोजता? मुक्या जिवावर काठी उगारता? लाज नाही वाटत?" भिंतीवरून शेजारणींची डोकी वर आली तशी मला आणखीच चेव चढला. काय काय बोलले, देव जाणे. भावोजींचे डोळे लाल होते. हे पितात की काय, असंही मी सर्वांदेखत विचारलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खोलीतून पिशवी घेतली आणि निघून गेले.

धाकटीला संध्याकाळी कळलं. ती रडली नाही की भांडली नाही. "उद्या मीही जाते," एवढंच म्हणाली. "तू तुझी हंसीण सांभाळ, ताई." तिने बॅग दाराशी आणून ठेवली.

सकाळी उठून मी रागारागाने फौजदारणीला नवं औषध लावलं, मशीनखालच्या चिंध्या झाडून परसात लोटल्या. कोंबड्या धावल्या. पांढऱ्या, निळ्या चिंध्यांकडे त्या ढुंकून बघत नाहीत. लाल दिसली की एकमेकींच्या उरावर बसतात. वर्षानुवर्षं बघतेय मी हे आणि हसतेय. आज तपकिरी कोंबडीने लाल चिंधी ओढली, टाकली, मान तिरकी करून फौजदारणीच्या पाठीकडे बघितलं आणि टचकन चोच मारली. मग दुसरीने. मग सगळ्यांनी.

मी ओरडत धावले. हाताला लागली ती भावोजींचीच काठी. कोंबड्या पांगवल्या, आणि फौजदारीण येऊन माझ्या पायाशी अंग चोरून बसली. खिडकीखाली एक उलटी बादली होती, तिच्याशेजारी गार झालेला अर्धा कप चहा. रात्रभर कामावर जागून हा माणूस दिवसा इथे राखण करत बसला होता. आणि मी म्हणे, पितात का!

लाल औषध मी चोळून चोळून धुतलं आणि तिला मोरीत, कोरड्या गोणपाटावर ठेवलं, दाराला कडी घातली. "आजचा दिवस थांब," असं धाकटीच्या हातापाया पडून सांगितलं. दिवेलागणीला कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले.

"कोणाकडे जायचंय?" भावोजींनी विचारलं, परक्या बाईला विचारावं तसं.

"तुमच्याकडेच. भावोजी, चुकलं माझं. सगळ्यांदेखत बोलले, सगळ्यांदेखत माफी मागते. घरी चला."

ते स्टुलावर जाऊन बसले.

"ते लाल औषध धुतलंत?" त्यांनी विचारलं.

"धुतलं. वेगळी ठेवलीय."

"माशा बसू देऊ नका," ते म्हणाले, आणि एक गाडी आली तसे फाटक उघडायला उठले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

सकाळी मी मशीनवर बसले होते, पण पायडलवर पाय पडत नव्हता. धाकटी बॅगेशेजारी, चप्पल घालून. पाववाला आला, फाटक वाजलं आणि मोरीतून फौजदारणीने घर डोक्यावर घेतलं. धाकटीने माझ्याकडे बघितलं आणि बॅगेचा पट्टा हातात घेतला.

मग पुन्हा फाटक वाजलं. आम्ही दोघींनी मोरीकडे कान लावले. फौजदारीण मोरीत जागीच होती, पण ओरडली नाही.