कोणाच्या नावाचा घास

त्या दिवशी सोजराबाई स्कूटरवर मागे बसली होती आणि पार्सल मांडीवर धरून शीतलला सांगत होती, की खड्डा चुकव, वाकळीला धक्का बसंल. वाकळीला कसला धक्का बसतो, असं शीतल म्हणाली. त्यावर सोजराबाईनं, मला बसतो तो तुला सांगून उपयोग न्हाई म्हणून वाकळीचं नाव घेतलं, असं उत्तर दिलं. त्यांच्या गावात, डोंगरकड्यात, कुरिअरवाला येत नसे. पार्सल पाठवायचं म्हणजे वारंगा फाट्यावर जायचं, मोबाइलच्या दुकानात ते द्यायचं, आणि एवढं आलोच आहोत तर खिचडी खाऊन परतायचं, हा मायलेकींचा ठरलेला क्रम होता.

पार्सल हैदराबादला चाललं होतं. तिथल्या एका बाईनं ती वाकळ सासऱ्यासाठी मागवली होती. सासऱ्याचे पाय गार पडतात, म्हणून सोजराबाईनं पायथ्याकडे जुन्या लुगड्याचा एक थर जास्त घातला होता. हे पायांचं तिला कसं कळलं, तर तिनं फोन करून विचारलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती फोन करी. हैदराबादवालीशी तर ती आपल्या मोडक्या हिंदीत इतका वेळ बोलली, की शेवटी त्या बाईनंच कुकर लावायचा आहे म्हणून फोन ठेवला.

फोनशिवाय तिचं अडायचंच. वाकळ म्हाताऱ्याची असेल तर हलकी, बाळंतिणीची असेल तर मऊसूत, पोरासोरांची असेल तर मळखाऊ. शिवाय शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी ती त्यात भाकरीचा वाळका तुकडा घाली आणि ज्याच्या अंगावर वाकळ जायची त्याचं नाव घेई. त्याला ती घास म्हणे. वाकळीला घास दिला नाही तर ती उपाशी राहते, आणि उपाशी वाकळ ऊब देत नाही. हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. शीतलनं बरीच पुस्तकं वाचली होती, पण याच्या विरोधात बोलावं असं त्यांतल्या एकाही पुस्तकामुळे तिला वाटलं नव्हतं. फोन मात्र तिला उगाच लांबण वाटे.

ऑनलाइन दुकान शीतलनंच उघडून दिलं होतं. पुण्याच्या कंपनीसाठी ती घरी बसून लोकांची अशी दुकानं उभारायची, तेव्हा आईचं एक उभारायला वेगळं काही लागलं नाही. वडील, भीमराज, ती कॉलेजात असतानाच गेले होते. घरात दोघीच.

संध्याकाळी घरी आल्यावर सोजराबाईनं एक वाकळ उलगडली. जांभळी, कडेला हिरवी पट्टी. सगळी शिवून झाली होती, फक्त एक कोपरा उघडा होता.

"हिला धनी न्हाई अजून," ती म्हणाली. "तू घेतीस का?"

"मला कशाला? ब्लँकेट आहे की."

"ब्लँकेट हाय, ते मला बी दिसून राहिलं."

"साइटवर टाकते. विकेल लगेच."

सोजराबाईनं वाकळ उलटी केली आणि मागच्या अंगाचे टाके बोटांनी चाचपत बसली. प्रत्येक वाकळ ती मागूनच तपासायची. समोरून काय कोणबी चांगलं दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. शीतलनं फोटो काढला, दुकानात चढवला. शिल्लक एक, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं पाणी आटून पातेलं करपल्याचा वास आला म्हणून शीतल उठली. सोजराबाई ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. पदर नीट होता. शीतलनं आधी गॅस बंद केला. त्यानंतर आईला हाक मारली.

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला बरीच माणसं आली. भंतेजींनी वंदना घेतली, नातेवाइकांनी सोजराबाईच्या हातच्या वाकळींची आठवण काढली, आणि पुढं काय करणार, इथंच राहणार का, असं निरनिराळ्या शब्दांत सगळ्यांनी विचारलं. शीतलनं सगळ्यांना, बघू, असं सांगितलं. तिला रडू आलं नाही. एका मावशीनं त्याची काळजी केली, दुसरीनं त्याबद्दल टोमणा मारला, आणि दोघी एकाच जीपनं कळमनुरीला गेल्या.

मग घर इतकं रिकामं झालं, की शीतल काम करताना कानात गाणी लावू लागली. ती काढली की फ्रिजचा आवाज यायचा.

दुकान तिनं बंद केलं नव्हतं. बंद करायला एक बटण दाबावं लागतं आणि तिनं ते दाबलं नाही, एवढंच. त्यामुळे ऑर्डरी येत राहिल्या. साचू लागल्या तेव्हा भिकाबाई आली. भिकाबाई तांड्यावरची. सोजराबाईबरोबर ती वर्षानुवर्षं वाकळी शिवत आली होती. एकीनं थर लावायचे आणि दोघींनी दोन्हीकडून टाके घालत मध्यावर भेटायचं, अशी त्यांची रीत होती. ती ओसरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, की काम बंद करायचं असंल तर तसं सांग, मी मोंढ्यात हळदीच्या कामाला जाते. चालू ठेवायचं असंल तर मी शिवते.

"चालू ठेवू, मावशी. ऑर्डरी आल्यात."

"कोणासाठी हायेत?"

शीतलला ते माहीत नव्हतं. नाव-पत्ता होता, पण तो मागवणाऱ्याचा. ती वाकळ कोणाच्या अंगावर जाणार, हे ऑर्डरीत नव्हतं.

"मग फोन लाव," भिकाबाई म्हणाली. "सोजरा लावायची. नाव कळल्याबिगर मी सुई घालणार न्हाई. घास कोणाच्या नावानं भरू, तुझ्या लॅपटापाच्या?"

शीतलनं एक नंबर लावला. पलीकडून एक आनंदी आवाज आला: सोजरामावशी का? शीतलनं फोन ठेवून दिला. नंतर तिनं त्या बाईला दोन ओळींचा निरोप टाकला, त्यातही आई गेल्याचं लिहिलं नाही. असे फोन तिला जमणार नव्हते, हे तिला कळलं. आणि नाव कळल्याशिवाय भिकाबाई शिवणार नव्हती. म्हणजे आईचं काम आईबरोबर संपणार, नाहीतर कोणासाठी, हा प्रश्न दुकानानंच विचारला पाहिजे.

हे अगदी किरकोळ काम आहे, असं तिला वाटलं. दुकान ज्या थीमवर उभं होतं ती म्हणजे घराच्या भिंती: वरचं नाव, खरेदीचं बटण, टोपली. पेज बिल्डर हे वेगळं अॅप. त्यात फोटो, मजकूर, रकाने उचलून हवे तिथं मांडता येतात. शीतलनं थीमची एक प्रत काढली, कारण चालत्या दुकानात तोडफोड करायची नसते. त्या प्रतीत एक खोटी वाकळ ठेवली, अॅपमधून तिचं पान मांडलं, आणि फोटोखाली रकाना घातला. 'ही वाकळ कोणासाठी? नाव, वय. आणखी काही सांगावंसं वाटलं तर.' पान छान दिसलं. रकान्यात तिनं 'अबक' असं लिहिलं आणि नमुन्याची ऑर्डर टाकली.

ऑर्डर आली. वाकळ एक, पत्ता बरोबर. अबक नव्हतं.

पुन्हा टाकली. पुन्हा तसंच. अॅपवाल्यांच्या मदतखिडकीत तिनं विचारलं, तर पलीकडच्या माणसानं आधी तिचा दिवस चांगला जावो असं म्हटलं, मग ब्राउझरची साठवण पुसून बघा असं सांगितलं. तिनं पुसली. त्यानं, हा थीमचा प्रश्न असावा, असं कळवलं. थीमवाल्यांनी, हा अॅपचा प्रश्न असावा, असं कळवलं. दोघंही अतिशय नम्र होते. रोज ती इतरांची दुकानं उभी करत होती आणि स्वतःच्या घरातल्या एका प्रश्नापुढे आठवडाभर अडून बसली होती.

भिकाबाई मधूनमधून येऊन बघून जाई. "आलं का नाव?"

"नाही, मावशी."

"काहून?"

काहून, ते शीतलला सांगता येत नव्हतं. एका दुपारी भिकाबाई जुन्या कामातली एक वाकळ घेऊन बसली होती. तिनं ती उलटी केली, एका ठिकाणी बोट घातलं आणि स्वतःशीच पुटपुटली, की हा टाका माझाच, वरच्या वरच गेला, खालचं कापड धरलंच न्हाई. सोजरा असती तर चार शब्द ऐकवले असते. शीतलनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आईचं ते चाचपणं तिला आठवलं. इतके दिवस ती पान समोरूनच बघत होती.

तिनं पानाची मागची बाजू, सगळा कोड, उघडला. मग फार वेळ लागला नाही. रकाना अॅपनं मांडला होता आणि बटण थीमचं होतं. दोन्ही शेजारी दिसत, पण मागे एका फॉर्ममध्ये नव्हती. बटण दाबलं की थीम आपल्यापुरतं उचलून चालती होई. शेजारच्या रकान्यात कुणी काय लिहिलंय, याची तिला दादच नव्हती. शीतलनं त्या पानावरून थीमचं बटण काढलं. अॅपचं स्वतःचं बटण आणि रकाना एकाच फॉर्ममध्ये बसवले. थीमच्या सेटिंगमध्ये अॅपला परवानगी देणारी खिटी बंद होती, ती चालू केली. बाजूनं सरकत येणारी छोटी टोपलीही मजकूर गाळत होती, म्हणून ती काढून साधं टोपलीचं पान ठेवलं. पुन्हा अबक. या वेळी अबक आलं.

तिनं ती प्रत चालू दुकानाला लावली. आता शेवटची चाचणी खऱ्या दुकानात, खऱ्या वस्तूवर करायची होती. बाकीच्या सगळ्या वाकळी मागणीनुसार शिवायच्या होत्या. तयार अशी एकच होती. जांभळी, हिरव्या पट्टीची. शिल्लक एक.

तिनं ते पान उघडलं. अबक लिहायला बोटं ठेवली आणि ती थांबली. मग नाव लिहिलं, शीतल. वय लिहिलं. आणखी काही सांगावंसं वाटलं तर, ती जागा तिनं तशीच रिकामी ठेवली आणि बटण दाबलं.

फोन वाजला. ऑर्डर आली. नाव आलं, वयही आलं. दुकानात त्या फोटोवर 'शिल्लक नाही' अशी पट्टी पडली. चाचणीची ऑर्डर लगेच रद्द करून वस्तू परत शिलकीत टाकायची असते. हे ती गिऱ्हाइकांना शिकवत आली होती.

"आलं?" अजून तिथंच बसलेल्या भिकाबाईनं विचारलं.

"आलं."

"कोणती मागवली?"

शीतल आत गेली, पेटीतून जांभळी वाकळ काढून आणली आणि भिकाबाईसमोर ठेवली. भिकाबाईनं ओळखलं. तिनं उघड्या कोपऱ्यात दोन बोटं घालून बघितलं आणि शीतलला भाकरी आणायला सांगितलं. सकाळची अर्धी भाकरी होती. भिकाबाईनं तिचा एक तुकडा मोडला, कोपऱ्यात सरकवला, सुईत दोरा ओवला आणि थांबली.

"नाव सांग."

शीतलनं फोन पुढं केला, मग भिकाबाईला वाचता येत नाही हे तिला आठवलं. तिनं फोन उलटा करून खाली ठेवला. वाकळीची कड तिच्या हातात होती.

"शीतल," ती म्हणाली. तिनं कड छातीशी ओढली. भिकाबाईनं सुई हलवली नाही.

"माझी आहे ती," शीतल म्हणाली. ती आता भिकाबाईशी बोलत नव्हती. "आई, मला पाहिजे होती. ब्लँकेट होतं तरी पाहिजे होती. तू परत एकदा विचारशील असं वाटलं मला."