रोज सातला जाणारं नेट

पोलोग्राउंडजवळच्या माझ्या खोलीत वीस-पंचवीस माणसं कोंबली होती. सिग्नलबाबाने कॉम्प्युटरवर अंगारा फुंकला आणि गेलेलं नेट आलं.

"चमत्कार है भिया!" कुणीतरी ओरडलं.

माझी बायको मंगला याच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करायची. ती एका संध्याकाळी सातला वारली. त्यानंतर रोज सातलाच नेट बंद पडायचं. बातमी सांवेर गावापर्यंत गेली, तिथून हा बाबा आला.

"आत्मा लाइन पकडून बैठी है," बाबा म्हणाला. "उद्या मशीन आश्रमात पोचवा. नदीत सोडली की मुक्ती."

त्या मशीनमध्ये मंगलाचा चार मिनिटांचा आवाज रेकॉर्ड केलेला होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. बाबावर माझा विश्वास नव्हता. पण ती खरंच अडकली असेल तर? मी हो म्हणणार होतो.

"संताजीकाका, थांबा," शेजारची कीर्ती म्हणाली. ती कॉलेजात लिनक्स शिकवते. "बाबाजी, आल्याबरोबर सगळ्यांचे मोबाइल का बंद करवले?"

"आत्म्याला डिस्टर्ब होतं, बेटी."

"आता चालू ठेवून मंत्र म्हणा."

फोन चालू झाले, नेट गेलं. बाबाने दोनदा अंगारा फुंकला. तिसऱ्यांदा त्यालाच ठसका लागला.

कीर्तीने कॉम्प्युटरची नेटची तार उपटली आणि लॅपटॉपवरून कॉम्प्युटरच्या नेटवरच्या नंबरला हाक दिली. उत्तर आलं!

"तार निकाली, तरी बोलतेय!" गर्दीतल्या भानुमतीबाई माझ्यामागे लपल्या.

"बोलतंय दुसरंच कुणीतरी. एकेक फोन बंद करा."

सगळे बंद झाले, तरी उत्तर येत होतं. मग कीर्तीने मंगलाच्या फोटोकडे पाहिलं. मी रोज सातला तिथे दिवा लावतो आणि शेजारी तिचा फोन तासभर चालू ठेवतो. बाबाच्या हुकुमावरून मघाशी तोही बंद केला होता, मग सगळ्यांबरोबर पुन्हा चालू केला होता.

मी तो बंद केला. उत्तर थांबलं.

"काकूंनी कॉम्प्युटरला नंबर हाताने पक्का लिहिला होता," कीर्ती म्हणाली. "तुमचा नवा राउटर तोच नंबर त्यांच्या फोनला देतो. दोन घरांना एकच नंबर, मग टपाल चुकणारच."

तिने तार जोडून कॉम्प्युटरच्या सेटिंगची एक ओळ बदलली. मी मंगलाचा फोन चालू केला. नेट टिकलं.

"आत्मा गेली," बाबा म्हणाला.

"नंबर बदलल्यावर?"

लोक हसले. बाबा चपला शोधू लागला.

माणूस गेलेल्या घरात 'ती इथेच आहे' असं कुणीही म्हटलं की ऐकावंसं वाटतं. मीही ऐकलं. म्हणून सांगतो, घरातलं काही देण्याआधी तार काढून बघा, एकेक गोष्ट बंद करून बघा. मंगलाचा फोन मी अजूनही सातला चालू करतो. त्यात ती नाही, हे मला माहीत आहे. तिचा आवाज मात्र घरात आहे.